सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी : एका साधनाची चिकित्सा

(१)
'जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपट' अशा मथळ्याची यादी हाती येते, आपण ती वहीत उतरवून घेतो आणि पाहून झालेल्या नावांपुढे खुणा करू लागतो. हा उद्योग आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. मीही गेली दोन वर्षे करते आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक खोड असते. कोणताही कागद समोर आला की तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि कोणासाठी लिहिला, हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आजचा थ्रेड त्या खोडीतून जन्मला आहे. एका सुप्रसिद्ध यादीची ही साधनचिकित्सा.

(२)
यादी कोणती? लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे 'साइट अँड साउंड' नावाचे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. २०२२ पर्यंत अशा आठ याद्या प्रसिद्ध झाल्या. पद्धत साधी आहे. प्रत्येक समीक्षकाने आपल्या पसंतीचे दहा चित्रपट कळवायचे. त्यांचा आपापसांतला क्रम मोजला जात नाही. ज्या चित्रपटाचे नाव सर्वाधिक पत्रांत येईल तो पहिला. चित्रपटरसिकांच्या जगात या यादीला जेवढा मान आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या यादीला असेल.

(३)
आता आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. सभासदाची बखर छत्रपती राजारामांच्या काळात, जिंजीला लिहिली गेली. ती शिवकाळाविषयी सांगते, पण तितकेच ती लिहिली गेली त्या काळाविषयीही सांगते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखरींपेक्षा समकालीन अस्सल पत्रांवर भर द्यावा, हा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. माझे म्हणणे असे की चित्रपटांची यादी ही बखरीच्या जातीची वस्तू आहे. ती खोटी नसते. मात्र ती कशी वाचायची हे ठाऊक असावे लागते.

(४)
पहिली बखर १९५२ ची. ८५ समीक्षकांना पत्रे गेली, ६३ जणांनी उत्तरे दिली. पहिला क्रमांक आला व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'बायसिकल थीव्ह्ज'चा. हा इटालियन चित्रपट १९४८ चा, म्हणजे कौल घेतला तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. आज चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या चित्रपटाला कोणी सर्वकालीन श्रेष्ठ म्हटले तर आपण हसू. तेव्हा कोणी हसले नाही, कारण हा चित्रपट युरोपाच्या ताज्या जखमेविषयी बोलत होता.

(५)
महायुद्ध संपले आहे, रोममध्ये काम मिळत नाही. आंतोनिओ रिच्ची या बेकार माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी मिळते, पण अट एकच : स्वतःची सायकल हवी. ती गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे बाप आणि लहानगा ब्रूनो यांनी शहरभर केलेला तिचा शोध. रिच्चीची भूमिका करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी हे व्यवसायाने नट नव्हते. ते कारखान्यातले कामगार होते. चोरी होते तेव्हा रिच्ची भिंतीवर रिटा हेवर्थ या हॉलिवूडच्या तारकेचे चित्र चिकटवीत असतो.

(६)
बरोबरीच्या मतांमुळे त्या पहिल्या यादीत दहाऐवजी बारा नावे आली. त्यांतले निम्मे चित्रपट मूकपटांच्या परंपरेतले : चॅप्लिनचे 'सिटी लाइट्स' आणि 'द गोल्ड रश', आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेम्किन', ग्रिफिथचा 'इन्टॉलरन्स', स्ट्रोहाइमचा 'ग्रीड', ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'. देश पाहिले तर इटली, अमेरिका, रशिया, फ्रान्स आणि ब्रिटन. आशियातला एकही चित्रपट नाही. कुरोसावांच्या 'राशोमोन'ला आदल्याच वर्षी व्हेनिसचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते, तरीही नाही. 'जग' या शब्दाची १९५२ मधली व्याप्ती केवढी होती, हे या बारा नावांवरून नेमके कळते.

(७)
आणखी एक हिशेब करून पाहा. १९५२ मध्ये पहिल्या आलेल्या चित्रपटाला ६३ पैकी २५ मते होती. २०१२ मध्ये पहिल्या आलेल्या हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ला ८४६ पैकी १९१. म्हणजे दर चार समीक्षकांतल्या तिघांहून अधिकांनी 'व्हर्टिगो'ला आपल्या दहांत जागा दिली नव्हती! 'जगाने एकमुखाने निवडलेला चित्रपट' असे आपण मथळ्यात वाचतो. दप्तर उघडले की एकमुख कोठेच सापडत नाही. सापडतात ती विखुरलेली मते आणि त्यांतून निघालेली एक सरासरी.

(८)
याच १९५२ च्या जानेवारीत, कौलाच्या काही महिने आधी, मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. फिल्म्स डिव्हिजनने तो भरविला होता आणि नंतर तो मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेला. 'बायसिकल थीव्ह्ज' तेथे दाखविला गेला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला आणि इटालियन नववास्तववादाची छाया त्यावर सर्वांना दिसली. सत्यजित राय यांनी तर हा चित्रपट आधीच, १९५० मध्ये लंडनमध्ये पाहिला होता. जाहिरात कंपनीच्या कामासाठी ते तेथे गेले होते आणि काही महिन्यांत त्यांनी शंभराच्या घरात चित्रपट पाहिले. आपला चित्रपट कसा काढायचा याचा निश्चय त्यांनी तेथे केला.

(९)
दुसरी बखर, १९६२. पहिल्या स्थानी ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन'. हा चित्रपट १९४१ चा. म्हणजे १९५२ मध्येही तो होताच, पण पहिल्या बारांत नव्हता. 'बायसिकल थीव्ह्ज' दहा वर्षांत पहिल्यावरून बरोबरीच्या सहाव्या जागी उतरला आणि १९७२ मध्ये पहिल्या दहांतून बाहेर गेला. 'केन' मात्र २००२ पर्यंत पहिल्या जागेवरून हलला नाही. दोन्ही चित्रपटांतली एक चौकटही या काळात बदललेली नव्हती. मग बदलले काय?

(१०)
प्रथम, चित्रपट डोळ्यांपुढे येण्याची वाट बदलली. 'केन'मधली व्यक्तिरेखा वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांच्यावर बेतलेली आहे असे मानले गेले आणि त्यांच्या पत्रांनी त्यावर बहिष्कार टाकला. चित्रपटाला तोटा झाला. जर्मन ताब्यातल्या फ्रान्सला युद्धकाळात अमेरिकन चित्रपट दिसत नव्हते. तेथे 'केन' १९४६ मध्ये पोहोचला. अमेरिकेत तो १९५६ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. दुसरे असे की, आंद्रे बाझँ आणि १९५१ मध्ये निघालेल्या 'काहिए द्यू सिनेमा'च्या लेखकांनी दिग्दर्शकाला कर्ता मानण्याची दृष्टी रुजविली. युद्धोत्तर पिढीला करुणा हवी होती. त्यानंतरची पिढी शैली शोधू लागली.

(११)
इथवर ठीक. पण साधनचिकित्सेत पाठभेद तपासावे लागतात. ज्या चित्रपटाला १९५२ मध्ये मत पडले तोच आपण पाहतो काय? 'जोन ऑफ आर्क'चे उदाहरण घ्या. १९२८ मध्ये प्रदर्शित झाल्यावर त्याच वर्षी त्याची मूळ निगेटिव्ह बर्लिनमधल्या आगीत जळाली. उरलेल्या, वेगळ्या वेळी घेतलेल्या दृश्यांतून ड्रायरने दुसरी आवृत्ती जुळविली. १९५२ च्या समीक्षकांपुढे अशाच दुय्यम आवृत्त्या होत्या. मूळ आवृत्तीची प्रत सापडली ती १९८१ मध्ये, ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात! म्हणजे नाव एक, पाठ दोन.

(१२)
झाँ रन्वार यांच्या 'द रूल्स ऑफ द गेम'ची कथाही अशीच. १९३९ मध्ये प्रेक्षकांनी तो धिक्कारला, काटछाट झाली, बंदी आली आणि मूळ निगेटिव्ह युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. सापडेल तेथून तुकडे गोळा करून, रन्वार यांच्या संमतीने, तो १९५९ मध्ये पुन्हा उभा केला गेला. १९५२ मध्ये शेवटच्या जागेवर असलेला हा चित्रपट १९६२ मध्ये तिसरा आला. स्ट्रोहाइमच्या 'ग्रीड'चा मूळ आकार आठ-नऊ तासांचा. स्टुडिओने तो सव्वादोन तासांच्या आसपास आणला आणि उरलेली रिळे नष्ट झाली. त्याला मिळालेले मत हे काहीसे भग्न मंदिराला मिळालेले मत आहे.

(१३)
चित्रपट दिसण्याचा आणि यादीचा संबंध मात्र सरळसोट नाही. ओझूंचा 'टोकियो स्टोरी' १९५३ चा, पण न्यूयॉर्कला तो १९७२ मध्ये प्रदर्शित झाला आणि समीक्षकांच्या पहिल्या दहांत १९९२ मध्ये पोहोचला. येथे उशिरा दिसणे आणि उशिरा मान मिळणे यांची सांगड लागते. उलट 'व्हर्टिगो' १९८२ मध्ये यादीत आला तेव्हा हिचकॉकच्या इतर काही चित्रपटांसह तो कित्येक वर्षे वितरणातून काढून घेतलेला होता. न दिसणाऱ्या वस्तूचेही एक तेज असते. एकच कारण सर्वत्र लावू नये, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा येथेही लागू पडतो.

(१४)
आता आपल्याकडे येऊ. १९९२ च्या यादीत सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' बरोबरीने सहावा आला. १९५५ चा चित्रपट पहिल्या दहांत पोहोचायला सदतीस वर्षे लागली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राय यांना मानद ऑस्कर मिळाले आणि एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. जगभर त्यांचे स्मरण होत असताना हा कौल घेतला गेला, हे विसरून ती यादी वाचता येणार नाही. दहा वर्षांनी तो पहिल्या दहांत नव्हता. २०२२ मध्ये तो पस्तिसावा होता आणि पहिल्या शंभरांतला एकमेव भारतीय चित्रपट होता.

(१५)
परंतु यादीचा खरा परिणाम मला दिसला तो पुढे. १९९३ च्या जुलैमध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली. जतनासाठी तेथे पाठविलेल्या 'अपू चित्रत्रयी'च्या मूळ निगेटिव्ह त्या आगीत सापडल्या. जळून वाकलेली, एकमेकांना चिकटलेली ती फिल्म कोणत्याही यंत्रातून जाणे शक्य नव्हते. व्यवहारी माणसाने ते डबे फेकून दिले असते. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीच्या चित्रपट संग्रहालयाने ते फेकले नाहीत. जळके डबे वीस वर्षे सांभाळले गेले.

(१६)
मग तंत्र पुढे गेले. इटलीतल्या बोलोन्या शहरातील प्रयोगशाळेत तज्ज्ञांनी ती फिल्म पुन्हा ओली करून, उलगडून, कडा हाताने दुरुस्त करून एकेक चौकट टिपली. जेथे काहीच उरले नव्हते तेथे इतर प्रतींतून भर घातली. २०१५ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या ज्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'पथेर पांचाली' साठ वर्षांपूर्वी प्रथम दाखविला गेला होता, तेथेच तो पुन्हा झळकला. एवढे कष्ट, एवढा पैसा, एवढा धीर कोणत्या चित्रपटासाठी खर्च होतो? ज्याचे नाव जगाने आधीच लिहून ठेवले आहे त्यासाठी.

(१७)
आता दुसरा चित्रपट. १९२५, कोल्हापूर. बाबुराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी 'सावकारी पाश' काढते. कथा हरि नारायण आपट्यांच्या लेखनावरची. सावकाराच्या कागदात अडकलेला शेतकरी जमीन गमावतो आणि शहरात गिरणी कामगार होतो. तरुण शेतकरी झाला होता व्ही. शांताराम. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात आपल्या मातीतल्या कर्जबाजारीपणावर रोखलेला हा कॅमेरा. 'बायसिकल थीव्ह्ज'च्या तेवीस वर्षे आधी, 'दो बिघा जमीन'च्या अठ्ठावीस वर्षे आधी. तो कोणत्या यादीत कितवा येईल? प्रश्नच उद्भवत नाही. त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही.

(१८)
हे एकट्या 'सावकारी पाश'चे दुर्दैव नाही. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. उरले ते मोजके, आणि त्यांतलेही बरेचसे तुकड्यांत. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. त्याची एकही प्रत हाती नाही. जुनी फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी आणि दमट हवेत कुजणारी. शिवाय तिच्या लेपात चांदी असते. धंदा संपला की रिळे चांदीसाठी विकणे हा निर्मात्याच्या दृष्टीने शहाणपणाचा व्यवहार होता. मोडीत निघालेल्या त्या चांदीबरोबर चेहरे, रस्ते, लुगड्यांच्या तऱ्हा आणि बाजारपेठाही गेल्या.

(१९)
जे टिकले तेही सुखरूप राहिले असे नाही. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा; मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आपण आजही पाहू शकतो. पण २००३ च्या जानेवारीत पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या फिल्म साठ्याला आग लागली आणि नायट्रेटवरचा मोठा ठेवा, प्रभातच्या मूळ निगेटिव्हसह, भस्मसात झाला. लंडनमधल्या आगीत जळालेले डबे जपले गेले, त्याची कथा आपण आत्ताच वाचली. दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहिल्या की मन खिन्न होते.

(२०)
म्हणूनच पी. के. नायर यांचे नाव घेतल्याशिवाय हा थ्रेड पुरा होणार नाही. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पुढच्याच वर्षी नायर तेथे रुजू झाले आणि १९९१ पर्यंत त्यांनी गावोगावचे डबे गोळा केले. दादासाहेब फाळके यांच्या नाशिकच्या कुटुंबीयांकडून 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळे आणि 'कालिया मर्दन' त्यांनी मिळविले. संग्राहकाने आवडनिवड करू नये, जे मिळेल ते ठेवावे, अशी त्यांची धारणा होती. यादी करणारा दहा नावे निवडतो. नायर यांनी न निवडण्याचे व्रत घेतले. पुढच्या काळाला काय महत्त्वाचे वाटेल हे आजच्या माणसाला ठाऊक नसते, हे त्यांनी ओळखले होते.

(२१)
याचा पुरावा खुद्द यादीनेच दिला. २०२२ मध्ये १,६३९ जणांनी कौल दिला आणि पहिली आली शांताल आकरमान यांची 'जान दिएलमान', १९७५ ची. पहिल्या स्थानी स्त्री दिग्दर्शकाचा चित्रपट येण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधी पहिल्या दहांतही कधी आला नव्हता. एका गृहिणीचे तीन दिवस, स्वयंपाक, बटाटे सोलणे, अंथरूण घालणे, तीन तासांहून अधिक काळ. आकरमान तेव्हा पंचविशीत होत्या. १९५२ च्या ६३ जणांना असा चित्रपट श्रेष्ठ वाटला असता का, हा प्रश्न निरर्थक आहे. महत्त्वाचे हे की सत्तेचाळीस वर्षे त्याची प्रत कोणीतरी नीट ठेवली, म्हणून मत बदलायला जागा राहिली.

(२२)
मग यादी पाहायची कशी? माझी पद्धत सांगते. एक : १ ते १०० असा क्रम लावू नका, १९५२, १९६२, १९९२, २०२२ अशा चार याद्या शेजारी ठेवा आणि वर चढलेले व खाली उतरलेले चित्रपट आधी पाहा. दोन : प्रत्येक चित्रपटाच्या नावापुढे निर्मितीचे वर्ष लिहा आणि त्याच्याशेजारी 'ही प्रत कोठून आली' असा एक रकाना आखा. तीन : दर पाच चित्रपटांमागे यादीबाहेरचा एक पाहा. 'कालिया मर्दन'पासून सुरुवात करा. फाळके यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे आणि शंभर वर्षांनंतरही तिच्या चेहऱ्यावरची मिस्कील छटा लपत नाही.

(२३)
माझ्या वहीत आता दोन पाने समोरासमोर आहेत. डाव्या पानावर पाहायचे चित्रपट. तेथे खुणा वाढत जातात. उजव्या पानावर जे कधीच पाहता येणार नाहीत ते : 'सावकारी पाश' १९२५, 'आलम आरा' १९३१, 'ग्रीड'चे गेलेले तास. त्या पानावर खूण करण्याची सोय नाही. तरी ऑस्लोजवळच्या रुग्णालयातला तो डबा आठवतो आणि मी प्रत्येक नावापुढे थोडी जागा मोकळी सोडते. तुमच्या गावात जुने चित्रपटगृह, फोटो स्टुडिओ किंवा वितरकाचे गोदाम असेल तर एकदा चौकशी करा. गंजलेला डबा सापडला, तर उघडून पाहण्याची घाई न करता आधी पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. आणि तुमच्या उजव्या पानावरचे पहिले नाव कोणते, ते खाली जरूर लिहा.

#इतिहास #चित्रपट #थ्रेड